रकाना

निपाणीत, अकोळच्या रस्त्याला,
पिठाच्या गिरणीवर दहा बाय बाराची खोली.
खाली जोंधळे दळतात,
वर आम्ही वर्गणी मोजतो, पाच-पाचची नाणी,
प्रत्येक नाण्याला तंबाखूचा वास.

फॉर्म मी भरते.
कानडी मला शाळेनं दिली, मराठी आईनं,
आणि अक्षर वाचण्याजोगं आहे. एवढीच माझी पुढारकी.

दुंडव्वा समोर बसते, सूप मांडीवर ठेवूनच.
वय? धर पन्नास.
रोज किती वळतेस? आठशे. बोटं नीट असली तर हजार.
छाट किती जाते?
ती हसते. "मुकादमाला इचार बाई.
मूठ उचलतोय, न बघता फेकतोय,
आणि फेकलेल्या इकतोय."

मग येतो तो रकाना:
पतीचे किंवा वडिलांचे नाव.

कातरी थांबते.
खाली गिरणीचा पट्टा फटफटत राहतो.
"नवव्या वर्षी डोंगरावर नेऊन मोती बांधले," ती म्हणते,
"देवीचं नाव चालतंय काय तुझ्या सरकारला?"
मी पेन टेकवते, उचलते.
रकाना तसाच सोडते.

बेळगावहून गठ्ठा परत आला. सगळाच.
तीनशे बारा फॉर्म, सुतळीत बांधलेले,
वर लाल शाईत एकच शब्द: अपूर्ण.
कोरे होते अकराच.

त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.
जिन्यातल्या बायकाही बोलत होत्या.
"त्या अकरांपायी आमच्या पोरांची स्कॉलरशिप का अडावी?"
"लिहा की कुणाचंबी नाव. कोण बघायलंय?"
खोटं सांगणार नाही,
हे बोलणाऱ्यांत माझी मावशीही होती.
दुंडव्वा दाराशी, चप्पल हातात,
निघायच्या बेतात.

तेव्हा हुरमतबी उठली. उठायला तिला वेळ लागतो, गुडघे.
"माझा नवरा," ती म्हणाली, "बावीस वर्षं झाली, मिरजेला गेलाय.
हजारात त्याची एक विडी नाही.
त्याचं नाव माझ्या कार्डावर कशाला फुकट बसलंय?
खोड."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.
शेवंता कुराडे म्हणाली, माझा घरी आहे, बरा आहे,
तरी खोड.
मावशी लवकर आली नाही.
शेवटून तिसरी आली, माझ्याकडे न बघता.

त्या रात्री मी तीनशे एक रेघा मारल्या,
पट्टी लावून.
माझ्या बापाच्या नावावरची जरा वाकडी गेली.

बेळगावच्या ऑफिसात, व्हरांड्यात, आम्ही सुपं मांडली.
साहेब आत, आम्ही बाहेर पान कातरत.
दुपारपर्यंत तंबाखू दाराखालून आत गेली,
शिपाई शिंकला, मग साहेब.
ते कानडीत चिडले, मी कानडीत उत्तर दिलं,
मागून बायका मराठीत काय काय म्हणाल्या
ते मी त्यांना सांगितलं नाही.
"काहीतरी लागतं हो त्या जागी,"
ते शेवटी म्हणाले, जवळजवळ विनवून.

दुंडव्वानं दोरा दातानं तोडला.
"आईचं लिही. पान कातरायला तिनंच शिकवलं."

गंगव्वा. तीन अक्षरं,
तरी सरकारी चौकटीत
शेवटचं जरा बाहेर गेलं.

कार्ड अजून आलेलं नाही.
पुढच्या रविवारी छाटीचा विषय आहे,
आणि डेपोतल्या त्या दुसऱ्या माठाचा,
जो कुणी ठेवला हे कुणालाच माहीत नाही
आणि त्यातून कुणी प्यायचं हे सगळ्यांना माहीत आहे.
माठाचा विषय आधी घे, म्हणून मावशी सांगून गेली.

गिरणी सुरू झाली.
फळ्यांच्या फटींतून पीठ वर येतं,
रजिस्टरवर, तंबाखूच्या भुकटीवर बसतं.
मी फुंकर मारते,
आणि हजेरी घ्यायला लागते.